दुसरी तांबट आळी

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने मला शाल, नारळ आणि एक आरामखुर्ची दिली. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या. खुर्ची मात्र आमच्या दोन खोल्यांत कुठेच मावेना. ती आत आली की मी बाहेर आणि मी आत आलो की ती बाहेर, असं आठवडाभर चाललं. शेवटी हिनेच तोडगा काढला, "अहो, खुर्ची खाली झाडाखाली टाका आणि तुम्हीही तिथेच बसा." तोडग्यात एकच उणीव होती. खाली झाड नव्हतं.

म्हणजे तशी सात होती. सगळे रॉयल पाम. बिल्डरने माहितीपत्रकात त्यांना 'निसर्गरम्य परिसर' म्हटलं होतं. हे झाड कॅरिबियन बेटांकडचं. त्याची राजेशाही एवढीच की ते कोणाला काही देत नाही. दुपारी बारा वाजता सातांची मिळून जी सावली पडे तीत एक माणूस उभा राहू शकला असता, पण तो मुंजीतल्या बटूच्या अंगलटीचा हवा आणि दर पाच मिनिटांनी उन्हाबरोबर सरकायची त्याची तयारी हवी. कावळासुद्धा त्यांच्यावर बसला तर नाइलाजाने बसल्यासारखा बसे.

तेव्हा झाड लावायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि 2014 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक 11 म्हणून मांडलं. विषय क्रमांक 10 पार्किंगचा होता. त्यामुळे 11 पर्यंत पोचेतो रात्रीचे साडेदहा वाजले आणि माणसं कशालाही हो म्हणायच्या अवस्थेला आली. तरी 'कुठलं झाड?' म्हटल्यावर सगळे खडबडून जागे झाले.

बी विंगमधल्या एका ताईंना गुलमोहर हवा होता, कारण तो फोटोत छान येतो. मी म्हटलं, "तो मादागास्करचा. फांद्या ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला कोणाच्या ना कोणाच्या गाडीच्या टपावर येतो." कोणाच्या टपावर, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. पिंपळाचं नाव निघालं तेव्हा मुंजाचं काय करायचं, असा प्रश्न आला. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मुंजाला मेन्टेनन्स लावता येईल का?" मग वड. माझी निवृत्तीनंतरची सगळी विद्या डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या 'वृक्षगान'पासून सुरू झालेली, त्यामुळे उत्साहात होतो. मी हावड्याच्या वनस्पती उद्यानातला वड सांगितला. वय अडीचशेच्या वर, खोडासारख्या झालेल्या पारंब्या 3000 हून जास्त. मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून 1925 साली ते कापून काढलं, तरी झाड आपलं पसरतंच आहे. "म्हणजे बिल्डर पळून गेल्यावर सोसायटी चालते, तसंच की," असं मागून कोणीतरी पुटपुटलं. पण ए विंगवाले 'पसरतंच आहे' या शब्दांवर ताठ बसले होते. वड नामंजूर झाला.

उरला उंबर. उंबराबद्दल कोणाचंच काही मत नव्हतं. पुण्यातल्या सभेत कोणाचंच मत नाही अशी गोष्ट सापडणं, हेच मुळात उंबराचं फूल. मी ताबडतोब ठराव मंजूर करून घेतला.

रोप विकत आणावं लागलं नाही. ए विंगच्या गच्चीवर, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पायपाच्या तोंडाशी, एक वीतभर उंबर आधीपासूनच उगवला होता. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया पाखरांच्या पोटातून प्रवास करतात आणि पाखरू जिथे मोकळं होईल तिथे उतरतात. स्टॉप आपण ठरवायचा नसतो. प्लंबरने पाईप मोकळा करायचे तीनशे रुपये घेतले आणि रोप कठड्यावर ठेवलं. ते मी खाली आणलं. सोसायटीच्या हिशोबात ते तीनशे अजून 'दुरुस्ती व देखभाल'खाली आहेत. आमचं झाड जन्मतःच खर्चाच्या बाजूला पडलं.

उंबर नेहमी पाण्याच्या शोधात असतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाणी ओळखायच्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत उंबराचाही मान आहे. म्हणून पाण्याच्या टाकीपासून आणि इमारतीच्या पायापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात जागा निवडली. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा घ्यायला माणूस लावला. त्या खड्ड्यातून माती सोडून सगळं निघालं. फरशीचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, चार फूट वायर आणि एक डाव्या पायाची चप्पल. बिल्डरने सोसायटी बांधताना जे जे उरलं ते पुरलं होतं आणि वर एक इंच लॉन अंथरलं होतं. मी दोन टेम्पो माती आणि शेणखत आणून खड्डा भरला. चप्पल सेक्रेटरींनी पुरावा म्हणून ठेवून घेतली.

"अहो, तुम्ही अठ्ठावन्नचे, झाड शून्याचं," ही वरून खिडकीतून म्हणाली. "सगळा जन्म विमा विकण्यात गेला ना तुमचा? मग करा हिशोब."

मी हिशोब केला आणि रोज दोन बादल्या घालू लागलो.

पहिले दोन उन्हाळे पाण्याचेच. पण एकदा मुळं खाली लागल्यावर उंबर असा सुटला की बारावीत नापास होऊन एकदम उंच झालेल्या मुलासारखा दिसू लागला. चौथ्या वर्षी तो पहिल्या मजल्याला आला. पाचव्या वर्षी मी खुर्ची खाली नेऊन टाकली. सकाळी नऊ ते सव्वानऊ एवढी सावली मिळे. सहाव्या वर्षी दहापर्यंत. मला वाटलं, आता जन्माचं सार्थक झालं.

सातव्या वर्षी खोडाला फळं लागली.

उंबराचं हे एक बरं असतं. फळ शोधायला वर बघावं लागत नाही, ते थेट खोडाला आणि जाडजूड फांद्यांना घोसाने चिकटलेलं असतं. सेक्रेटरींनी ते पाहिलं आणि त्यांना तो कसलातरी पुरळ वाटला. "फूल कधी आलं होतं?" त्यांनी विचारलं. इथे मी चूक केली. मी समजावून सांगायला गेलो.

म्हटलं, फूल आलंय, पण आत. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची बंद पेटी असते. शेंड्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्यातून तिळाएवढी एक माशी आत शिरते. गांधीलमाशीच्या नात्यातलीच, पण आपल्याला न चावणारी. दार इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात, त्यामुळे परत जायचा प्रश्नच मिटतो. आत ती बरोबर आणलेले परागकण फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे नर आधी बाहेर येतात. नराला पंख नसतात. तो ज्या उंबरात जन्मतो त्याच उंबरात मरतो, बाहेरचं जग पाहत नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. (असे दोन गृहस्थ मी सदाशिव पेठेत पाहिले आहेत.) पण मरण्याआधी हे सगळे भाऊ मिळून फळाच्या भिंतीतून बाहेर जायचा बोगदा कोरतात. माझ्या माहितीत वेळेवर पुरा होणारा हा एकमेव बोगदा. त्यातून माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं उंबराचं झाड गाठतात. त्यांच्याजवळ असतो जेमतेम दिवस-दीड दिवस. तेवढ्यात फळ धरलेलं झाड सापडलं पाहिजे. आणि म्हणून सगळी उंबराची झाडं एकाच महिन्यात फळत नाहीत. आलटून पालटून फळतात. आंबा, जांभूळ, करवंद संपलेलं असलं तरी कुठेतरी एखादा उंबर पिकलेलाच असतो. साऱ्या रानाची खानावळ त्याच्यावर चालते.

मी थांबलो. माझ्या मते सेक्रेटरींचे डोळे पाणवायला हवे होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "झाडात किडे आहेत, हे तुम्हाला माहीत होतं."

पुढच्या सभेची सूचना दोन दिवसांत लागली. 'आवारातील झाडावरील किडींचा बंदोबस्त करणे.' मी भाषण केलं. खेड्यात मुलं उंबर फोडून, फुंकर मारून, चिलटं उडवून खातात, हे सांगितलं. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. ठराव बहुमताने पास झाला आणि त्याच आठवड्यात पाठीवर पंप घेतलेला एक मुलगा गेटमधून आत आला.

तो झाडाजवळ गेला. वर पाहिलं. मग पंप खाली ठेवला, बूट काढले, हात जोडले आणि सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, हे दत्ताचं झाड आहे. ह्याच्यावर औषध नाही मारणार आपण. झुरळं असतील तर सांगा."

सेक्रेटरी उभेच राहिले. मीही. गेली सात वर्षं मी वराहमिहिर सांगितला, कीटकशास्त्र सांगितलं, खानावळ सांगितली. दत्ताचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींनी खोडाला हळदीकुंकवाचं एक बोट लावलं आणि बुंध्याशी निरांजन ठेवलं. एका निरांजनाने बहुमताचा ठराव विझवला. पुढच्या गुरुवारी आजी पोथी घेऊन खाली आल्या. हिरण्यकशिपूला फाडल्यावर त्याच्या विषाने नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीने उंबराची फळं आणली आणि ती नखं फळांत खुपसल्यावर आग शमली, ही गोष्ट त्यांनी सगळ्या बायकांना सांगितली. ज्या बायकांनी ठरावाला हात वर केला होता त्याच पुढे होऊन नमस्कार करत होत्या. मी आजींचे मनोमन आभार मानले. आजी म्हणाल्या, "तुमची ती खुर्ची जरा बाजूला घ्या. पोथीला जागा लागते."

खुर्ची बाजूला, म्हणजे उन्हात गेली.

एव्हाना झाडाकडे सगळ्यांचं येणं सुरू झालं होतं. असतील शितं तर जमतील भुतं. आणि इथे तर शितं खोडापासून शेंड्यापर्यंत लगडलेली. पहिला आला तांबट. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळाला कुंकू फासल्यासारखा लाल ठिपका, आणि आवाज असा की कोणीतरी तांब्याच्या हंड्यावर एकसारखी हातोडी मारतंय. टुक, टुक, टुक, टुक. पुण्यातली तांबट आळी कसब्यात आहे. दुसरी आमच्या सोसायटीत उघडली. कसब्यातल्या कारागिरांना निदान जेवायची सुट्टी असते. वरचा कारागीर फेब्रुवारीत सुरू झाला की उन्हाळाभर थांबत नाही. ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर वर्क फ्रॉम होम करणारा एक तरुण मला म्हणाला, "काका, अमेरिकेतला क्लायंट विचारतो, तुमच्याकडे अजून बांधकाम चालू आहे का?"

तांबटाने एका वाळक्या फांदीत बीळ कोरलं. लगेच सेक्रेटरींना ती फांदी धोकादायक वाटू लागली. पण शहरात झाड किंवा फांदी मनात आलं म्हणून तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आहे, पाहणी आहे. सेक्रेटरींनी अर्ज केला. पाहणीला माणूस आला तोवर तांबटाची पिल्लं मोठी होऊन उडून गेली होती आणि फांदी पावसात आपोआप पडली होती. सरकारी गतीचा असा फायदा होताना मी प्रथमच पाहिला.

मग हळद्या आला, बुलबुल आले, कोकिळा आल्या, खारी तर भाडेकरार न करताच राहायला आल्या. एका सकाळी सात हरियाल आले. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी. हिरवट-पिवळं कबुतर, पाय हळदीच्या रंगाचे. राज्यपक्षी येऊन गेला तरी सोसायटीत कोणाला कळलं नाही. लाल दिवा नाही, सायरन नाही, आणि पानांत असा मिसळून बसलेला की माझ्याशिवाय कोणाचं लक्ष गेलं नाही. मी वॉचमनला दाखवला. तो म्हणाला, "ह्ये व्हय? आमच्याकडं भरपूर हायेत." राखी धनेश एकदाच आला. पाच मिनिटं बसला, फळं खाल्ली, आणि सेक्रेटरींसारखाच एक तक्रारीचा आवाज काढून गेला.

पानांखाली चांदीच्या डुलासारखं काहीतरी लोंबकळताना एकदा दिसलं. हिला वाटलं, वरच्या मजल्यावरून कोणाचं तरी कानातलं पडलं. तो फुलपाखराचा कोष होता. काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं 'कॉमन क्रो'. त्याच्या अळ्यांना उंबराची पानं चालतात. अळ्यांनी खाल्लेली पानं बघून सेक्रेटरी काही बोलणार होते, पण त्या दिवशी गुरुवार होता.

रात्रपाळीला वटवाघळं. ती येतात, फळ तोडतात, कधी तिथेच तर कधी दुसऱ्या जागी नेऊन खातात, रस गिळतात आणि चोथा थुंकतात. पान खाणाऱ्या माणसात आणि त्यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. वटवाघूळ बिया लांबवर पेरतं, हे मात्र त्या माणसाला जमत नाही. हा चोथा पडे तो झाडाखालच्या गाड्यांवर.

आता गाड्यांचं सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये पारा 40 ला टेकला की आमच्या आवारात उभ्या गाड्यांचं स्टिअरिंग तव्यासारखं तापतं. एकच जागा अशी की जिथे गाडी दुपारी चार वाजताही थंड असते. उंबराखालची जागा क्रमांक 14. ही जागा ज्यांची होती त्यांनी पूर्वी तीन वेळा झाडाविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. आता त्या जागेसाठी भांडण लागलं. एकाने दुप्पट पार्किंग चार्ज द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्याने आपली स्कूटर तिथे रात्रीच आडवी लावून ठेवायला सुरुवात केली. सरतेशेवटी दर महिन्याला चिठ्ठी काढायचं ठरलं. ज्याची चिठ्ठी निघे तो पहिल्या दिवशी पेढे वाटे, दुसऱ्या दिवशी गाडीच्या टपावर पडलेलं बघे आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राही.

"काका, सावलीचं काही म्हणणं नाही," प्रत्येक जण एकाच वाक्याने सुरुवात करतो. "पण हे वरून पडतं त्याचं काहीतरी करा."

म्हणजे सावली हवी, पण पाला नको. फळं हवीत, पण पडायला नकोत. पक्षी हवेत, सकाळी साडेसहा ते सात गावेत, आणि जे काही मोकळं व्हायचं ते शेजारच्या सोसायटीत जाऊन व्हावं. मी एकाला म्हटलं, अशी झाडं मिळतात, मॉलमध्ये आहेत, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी लागतात. त्याने दुकानाचं नाव विचारलं.

मागच्या वर्षी वर्गणी निघाली. झाडाला ग्रॅनाइटचा पार बांधायचा, बुंध्याला चिकटून टाइल्स, वर स्टीलचं रेलिंग आणि देणगीदारांच्या नावांची पाटी. खोड अजून जाड व्हायचंय, मुळांना हवा लागते, पाणी मुरायला माती उघडी लागते. हे सगळं सांगायला मी सभेत उभा राहिलो आणि ऐन वेळी शहाणा झालो. म्हणालो, "औदुंबराचं मूळ असं झाकणं शास्त्रात बसत नाही." सभा स्तब्ध झाली. कुठल्या शास्त्रात, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, वनस्पतिशास्त्रात. पार रद्द झाला. बुंध्यापासून सहा फुटांवर नुसत्या विटा मांडून आळं केलं. पाटी मात्र लागली. तिच्यावर नऊ नावं आहेत. माझं नाही. वर्गणी द्यायची राहिली होती.

आता झाड तिसऱ्या मजल्याच्या वर गेलंय. माझी खुर्ची रोज दुपारी चारला झाडाखाली असते. सकाळी बायका, बारापर्यंत पोरं, मग जेवणाचा डबा उघडून बसलेले डिलिव्हरीवाले. चारला माझी पाळी. सावली दाट पडते, वारा येतो. फक्त वरती सतत खाणं चालू असतं, आणि जिथे खाणं चालू असतं तिथे पुढचंही चालूच असतं. पहिले काही दिवस मी टोपी घालून बसलो. मग टॉवेल. आता कायमचा तोडगा निघालाय. मी छत्री उघडून बसतो.

परवा सेक्रेटरी आले. हातात डालडाचा जुना डबा, डब्यात दोन पानांचं उंबराचं रोप. त्यांच्या बाल्कनीतल्या एसीच्या पायपात उगवलं होतं. प्लंबर आता पाचशे मागतो, म्हणून त्यांनी स्वतःच उपटलं.

"फेकून देणार होतो," ते म्हणाले, "पण आज गुरुवार."

"बसा," मी म्हटलं. छत्री जरा त्यांच्या बाजूला कलती केली. ते डबा मांडीवर घेऊन आळ्याच्या विटांवर टेकले. वर कारागिराची हातोडी चालू होती. दोघंही काही वेळ बोललो नाही.

छत्रीवर टप्प आवाज झाला.

सेक्रेटरींनी मान वर न करता विचारलं, "बुलबुल?"

"हळद्या," मी म्हटलं. "बुलबुलाचा आवाज एवढा नसतो."